काचेआडचा पक्षी

थोरलीला फोटो काढायचा नाद लागला तो धाकटीच्या हातावरच्या पांढऱ्यामुळे. एरवी अडुसष्टाव्या वर्षी माणसाच्या मागे लागायचे ते गुडघे लागतात, दात लागतात. भिंगं, तिपाया आणि गोल काचा मागे लावून घ्यायला थोरली काही रिकामी बसलेली नव्हती. बसलेली होती, पण तसं कुणी म्हटलेलं तिला खपत नसे.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एकाच रस्त्याच्या दोन अंगांना, समोरासमोरच्या इमारतींत, दोघीही तिसऱ्या मजल्यावर. दोघींचे नवरे गेले, मुलं पोटामागे लांब गेली, आणि बोलणं तर त्याही आधी गेलं. अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणात धाकटी म्हणाली होती, "वहिनी, तुम्ही हुकूम सोडता, हात मी लावते." खोटं असतं तर थोरलीने तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरली असती. खरं होतं, म्हणून अकरा वर्षं पुरलं.

तर एका सकाळी गॅलरीत टॉवेल वाळत घालताना थोरलीला समोरच्या खिडकीत धाकटी दिसली. दिसली म्हणजे काय, रस्ता रुंद, थोरलीचा चष्मा जुना. माणसाच्या आकाराचं काहीतरी हललं एवढंच. पण त्या आकाराच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पांढरं होतं. प्लास्टर? की नुसती पट्टी? की भांडी पुसायचं फडकं हातावर टाकलं होतं? थोरली दिवसभर त्या पांढऱ्याशी भांडली. कुणाला विचारावं तर तळमजल्यावरच्या बाईला सकाळी विचारलेलं दुपारच्या आत रस्ता ओलांडतं, आणि थोरलीने चौकशी केली ही बातमी धाकटीच्या कानावर जाण्यापेक्षा थोरलीने आपलाच हात मोडून घेतला असता.

घरात मुलाचा एक कॅमेरा होता. नेतो नेतो म्हणत आठ वर्षं तो कपाटात राहिला होता, मुलाने नेतो म्हटलेल्या बाकीच्या गोष्टींबरोबर. थोरलीही त्यातलीच एक. तिने मुलाला फोन करून कॅमेरा सुरू कसा करतात ते विचारलं. त्याने घाईत सांगितलं, आणि आई, तुला कशाला हवाय, असंही विचारलं. ती म्हणाली, धूळ पुसतेय. तो बरं म्हणाला. धूळ पुसायला कॅमेरा सुरू कशाला करावा लागतो, हे विचारायला त्याला वेळ नव्हता.

कॅमेऱ्यातून धाकटी डोळ्यांना दिसायची तेवढीच दिसली. मग थोरली कॅमेरा पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून, दुकानात गेली. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बोलणारा होता. डोळ्यांवर असताना त्याला बोलता येत नसावं. त्याने समजावून सांगितलं की प्रत्येक लेन्सला आकडा असतो. लहान आकड्यात अख्खी खोली मावते, मोठ्या आकड्याने लांबचं जवळ येतं. तुमच्या कॅमेऱ्यावर पन्नास आहे, म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसतं साधारण तसंच.

"मग माझे डोळे काय वाईट होते?" थोरली म्हणाली.

दुकानदाराने विचारलं, तुम्हाला बघायचंय काय. आता इथे ती खरं बोलली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि बटाटेही वाचले असते. पण परक्या माणसापुढे, तेही चष्मा कपाळावर असलेल्या, जावेचं नाव कोण काढणार? थोरली म्हणाली, "फुलं."

म्हणून त्याने तिला फुलांची लेन्स दिली. त्या लेन्समधून मुंगीच्या मिशा मोजता येतात म्हणाला. ते खरं होतं. थोरलीने घरी येऊन बघितलं तर गॅलरीच्या कठड्यावरच्या गंजाचे डोंगर दिसले, त्यांच्यामधल्या दऱ्या दिसल्या, आणि स्वतःच्या हाताची पाठ दिसली ती तिने पुन्हा बघितली नाही. रस्त्यापलीकडची धाकटी मात्र होती तिथेच राहिली, तांदळाच्या दाण्याएवढी, त्या दाण्याला आणखी एक पांढरा दाणा लागलेला.

चूक झाली असं म्हणण्याची थोरलीच्या घराण्यात पद्धत नाही. आठवड्याने ती दुकानात गेली आणि फुलं बघून झाली म्हणाली. एवढ्यात? दुकानदाराने विचारलं. माझ्याकडे फार नाहीत, ती म्हणाली, आता पक्षी.

पक्षी म्हटल्याबरोबर त्या माणसाचा चेहरा उजळला. त्याने फुलांची लेन्स परत घेतली आणि आतून पाण्याच्या तांब्याएवढी लेन्स आणली. सत्तर-तीनशे, तो म्हणाला. पुढची कडी फिरवली की सत्तर, फिरवत नेली की तीनशे. शिवाय दर रविवारी आमची मंडळी पक्षी बघायला पहाटे निघतात, तुम्ही या. थोरली म्हणाली की तिचा पक्षी घराबाहेर पडत नाही.

लेन्स जड. हातात धरून तीनशेपर्यंत नेली तशी धाकटी दिसली खरी, पण थडथड कापताना. हुडहुडी भरलीय बाईला, घरात कुणी नाही, औषध तरी घेतलंय का? मग तिच्या लक्षात आलं की धाकटीबरोबर खिडकीही कापतेय, वरची पाण्याची टाकीही कापतेय, अख्ख्या इमारतीला ताप आलाय. कापत होते ते थोरलीचे हात.

म्हणून तिपाई आली. तिपाईला तीन पाय, आणि तिघांचे स्वभाव तीन तऱ्हेचे. एक लांब व्हायला नको म्हणायचा, एक उभ्या उभ्या खाली बसायचा आणि तिसरा नेमका थोरलीच्या करंगळीवर. शेजारी चित्रकलेचे मास्तर राहतात, निवृत्त झालेले. ज्याला सल्ला द्यावा असं मास्तरांना कुणी राहिलं नव्हतं, ते आवाज ऐकून धावत आले. म्हणाले, तिपाईच्या मधल्या हुकाला वजन टांगा, ती हलायची नाही. घरात वजन म्हणजे दोन किलो बटाटे होते. ते पिशवीत घालून टांगले. कशासाठी हे त्यांनी विचारल्यावर थोरलीने पक्षीच सांगितले, मग मास्तर खुर्ची मागून घेऊन बसले आणि पाऊण तास पक्ष्याची वाट बघत राहिले. शेवटी कठड्यावर एक कबूतर येऊन पाठ करून बसलं आणि मास्तरांच्या आग्रहाखातर थोरलीला त्याचा फोटो काढावा लागला. मास्तर म्हणाले, शेपटीत भाव आहे. त्या पाऊण तासात धाकटी दोनदा खिडकीत येऊन गेली.

वरच्या मजल्यावर एक जुने कंपाउंडर. त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं की दमट हवेत लेन्सला बुरशी चढते. भिंग आंधळं होतं आणि मग कुणाचा बाप आला तरी उजळत नाही. उपाय एकच, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. थोरली जे करते ते अर्धवट करत नाही. तिने लेन्स तांदळात अशी खोल पुरली की दुसऱ्या दिवशी शोधायला डबा उपडा करावा लागला. तिसऱ्या दिवशी कडी फिरवली तर जात्यासारखा आवाज आला, आणि पाचव्या दिवशी फिरेचना.

दुरुस्तीवाला डोळ्याला भिंग लावून बराच वेळ आत बघत बसला.

"आजी, यात पीठ आहे."

"तांदळाचं," थोरली म्हणाली. तो हसतोसं दिसल्यावर तिने पुढे घातलं, "जुना तांदूळ आहे."

त्याने आठ दिवस लेन्स ठेवून घेतली. ते आठ दिवस थोरली सकाळी त्याच वेळेला उठून गॅलरीत जायची आणि कॅमेरा नसलेल्या तिपाईशेजारी उभी राहायची. खाली बटाटे टांगलेले. करण्यासारखं काही नव्हतं, पण घरात तरी काय होतं? आतल्या तीन खोल्यांमध्ये सकाळी एकदा केर काढला की संध्याकाळपर्यंत केर पडत नाही. केर पडायला माणसं लागतात. समोरचं पांढरं मात्र आठही दिवस जागेवर होतं, त्यामुळे फडकं नाही हे ठरलं. आठ दिवस हातावर फडकं टाकून कुणी फिरत नाही, धाकटी वेंधळी असली तरी.

लेन्स परत आली तोवर थंडी पडली होती आणि धाकटीने खिडकीची काच लावून घेतली होती. आता कॅमेऱ्यातून बघावं तर काचेत आकाश आणि थोरलीचीच इमारत. धाकटी त्या आकाशाच्या मागे कुठेतरी. थोरली पुन्हा दुकानात. काचेवरची चमक घालवायला काही मिळतं का? मिळतं, दुकानदार म्हणाला, लेन्सपुढे लावायची एक फिरती काच असते, फिरवत गेलं की चमक पुसली जाते. फक्त सरळ समोरून नाही, तिरकं उभं राहून. ती काच कागदात गुंडाळता गुंडाळता तो थांबला.

"पण पक्षी काचेमागे कसा?"

"पाळलेला आहे," थोरली म्हणाली.

"कुठला? पोपट?"

"तसलाच."

"एकच आहे?"

"एकटाच आहे."

"मग बोलत असेल की."

थोरलीने पिशवी उचलली. "बोलायचा पूर्वी. अकरा वर्षं झाली, बोललेला नाही."

दुकानदाराने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. मग कॅमेरा पुसायचा एक मऊ रुमाल त्याने आपणहून पिशवीत टाकला. थोरलीला ते आवडलं नाही. कुणी आपणहून काही दिलं की आपण केविलवाणे दिसतोय असं समजावं, असं ती मानते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिपाई ओढत गॅलरीच्या टोकाला नेली, वाळत घातलेल्या चादरीच्या आड तिरकी उभी राहिली आणि ती काच हळूहळू फिरवली. आकाश पुसलं गेलं, इमारत पुसली गेली. आणि धाकटी समोर आली, हात लांब केला तर लागेल इतकी. प्लास्टर होतं. कडेला मळून काळपट झालेलं, म्हणजे बऱ्याच दिवसांचं. धाकटी खुर्चीत बसून दोन गुडघ्यांमध्ये बरणी धरून डाव्या हाताने तिचं झाकण फिरवत होती. थोडा वेळ फिरवायची, दम खायची, पुन्हा फिरवायची. इकडे थोरलीचा उजवा हात हवेतच झाकण पिळू लागला. शेवटी धाकटीने बरणी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली, जशी काही बरणी आपण होऊन उघडणार होती. थोरलीने कळ दाबली.

प्रश्न सुटला होता. शहाण्या बाईने तिपाई मिटून माळ्यावर टाकली असती. थोरली मात्र रोज बघत राहिली, फोटो काढत राहिली, आणि रोज चपला घालून समोर जायला निघाली. पहिला मजला उतरेपर्यंत ठीक असायचं. तिथे विचार यायचा की दार उघडल्यावर म्हणायचं काय? तुझा हात मोडलाय हे कसं कळलं म्हणून सांगायचं? आणि आत गेल्यावर नुसतं उभं राहून चालणार नाही, हात लावावा लागेल. आणि लावला की तिचं ते अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य खरं ठरलं. की खोटं ठरलं? जिन्यात उभं राहून याचा निकाल लागायचा नाही. थोरली परत वर यायची. बरणी टेबलावर तशीच असायची.

असे दोन आठवडे गेले आणि पत्र आलं. समोरच्या इमारतीच्या समितीकडून, थोरलीच्या इमारतीच्या सेक्रेटरींना. सेक्रेटरी पाणी खात्यातून निवृत्त झालेले. पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून त्यांनी ते परत पाठवलं. क्रमांक घालून आलं तर तारीख नव्हती. तिसऱ्यांदा सगळं घालून आलं, तेव्हा त्यांनी ते थोरलीला वाचून दाखवलं. आपल्या इमारतीतील एक अनोळखी बाई यंत्र लावून आमच्या सभासद बाईंच्या घरात सतत पाहत असते, तरी बंदोबस्त व्हावा. तक्रारदार म्हणून खाली सही होती. डाव्या हाताने केलेली, वेडीवाकडी, पण धाकटीचीच.

थोरलीने बाकीचं पत्र सोडून दिलं. सतत पाहते, तर पाहते. पण अनोळखी? जिच्या लग्नात हिने मुंडावळ्या बांधल्या, जिची दोन बाळंतपणं हिच्या देखरेखीखाली झाली, तिने अनोळखी म्हणावं? सेक्रेटरी म्हणाले, काकू, एक खुलासा लिहून द्या. त्यात एक रकाना होता, चित्रणाचा उद्देश. थोरली चौथीपर्यंत शिकलेली. पण चौथीत शिकवलेलं सगळं तिला येत होतं. तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, पक्षी.

त्यावर दोन्ही समित्यांची बैठक ठरली. ते यांच्याकडे येईनात, हे त्यांच्याकडे जाईनात, म्हणून ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात भरली. सेक्रेटरींनी पुरावा म्हणून छत्तीस फोटो छापून आणायला लावले होते. ते इस्त्रीच्या टेबलावर मांडले. इस्त्रीवाल्याने तेवढ्यापुरती इस्त्री उभी करून ठेवली आणि तोही वाकून बघू लागला. टेबलाच्या एका बाजूला थोरली, पलीकडे धाकटी, प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेली. अकरा वर्षांत दोघी इतक्या जवळ आल्या नव्हत्या. केस पिकलेत, थोरलीच्या मनात आलं. लेन्समधून इतके पिकलेले दिसत नव्हते.

धाकटीच्या इमारतीचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांनी खुलासा वाचला आणि फोटो मोजले. छत्तीसांपैकी एकात कबूतर होतं, तेही पाठमोरं. उरलेल्या पस्तीसांत या बाई आहेत, मग पक्षी कुठे, असं त्यांनी दात तपासावेत तशा गोड आवाजात विचारलं. सेक्रेटरींनी नियमावलीची पानं उलटली. दुसऱ्याच्या गॅलरीत धूळ उडवणे, पाणी सांडणे, कपडे पिळणे या सगळ्यावर नियम होता, बघण्यावर नव्हता.

एवढ्यात धाकटीने डाव्या हाताने एक फोटो उचलला. बरणीचा. बराच वेळ तिने तो डोळ्यांजवळ धरला.

"हे दिसत होतं?" तिने विचारलं. अध्यक्षांना नव्हे.

"स्वच्छ," थोरली म्हणाली.

"मग आला का नाहीत?"

थोरलीला आयुष्यात उत्तर सुचलं नाही असं कधी झालेलं नव्हतं, आणि आताही झालं नाही.

"अनोळखी बाईने कसं यायचं?"

धाकटीने फोटो खाली ठेवला. मग मान वळवून सेक्रेटरींना म्हणाली, "लिहून घ्या. समोरच्या बाईंनी यापुढे यंत्रातून बघू नये. बघायचं असेल तर समक्ष येऊन बघावं."

सेक्रेटरींची लेखणी थांबली. ते म्हणाले, समितीला मनाई करता येते, बोलावता येत नाही. धाकटी म्हणाली, तक्रार माझी, अट माझी. डॉक्टरांनी विचारलं, समक्ष म्हणजे केव्हा, वेळ घालावी लागेल. धाकटी इस्त्रीकडे बघत म्हणाली, सकाळी. रोज का, सेक्रेटरींनी विचारलं. त्यावर इस्त्रीवालाच म्हणाला, "रोज लिहा हो. उगाच पुन्हा बैठक कशाला? माझे कपडे खोळंबलेत."

कागद सहीसाठी थोरलीपुढे आला. तिने अक्षराखाली बोट ठेवून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सगळ्यांना थांबावं लागलं.

"समोरच्या बाईंनी हे खोडा," ती म्हणाली. "थोरल्या जावेने असं लिहा."

सेक्रेटरींनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने हरकत घेतली नाही, म्हणून त्यांनी खोडून लिहिलं, आणि खोडल्याजागी दोघींच्या सह्या घेतल्या, कारण तसा नियम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीचे तीन मजले चढली. प्रत्येक मजल्यावर थांबली, दोनदा गुडघ्यासाठी आणि एकदा उगाच. दार उघडंच होतं. धाकटी या म्हणाली नाही, थोरलीने आल्ये म्हटलं नाही. तिने नुसता हात पुढे केला आणि धाकटीने त्यात बरणी आणून दिली. झाकण एका पिळात निघालं. आत साखर होती. म्हणजे तीन आठवडे बाई बिनसाखरेचा चहा पीत होती.

थोरलीने चहा टाकला. आधण ठेव, कप काढ, असं काही ती म्हणाली नाही. सगळं तिनेच केलं. खुर्च्या खिडकीशी होत्या. बोलायला अकरा वर्षांचं होतं, पण त्यातलं कुठलं टोक आधी धरावं ते कळेना.

"तक्रार कशाला केलीस?" थोरलीने शेवटी विचारलं.

"नाहीतर काय," धाकटी म्हणाली. "तुम्ही नवनव्या लेन्साच घेत बसला असतात."

थोरलीने कपावरून बाहेर बघितलं. काच उघडी होती. रस्त्यापलीकडे तिसऱ्या मजल्यावर तिची गॅलरी होती. इथून ती तिने कधी बघितलीच नव्हती. दोरीवर एक टॉवेल, एक चादर. एक खुर्ची. कोपऱ्यात तीन पायांवर उभी असलेली काळी तिपाई, खाली बटाट्याची पिशवी वाऱ्याने थोडी हलत होती. मागच्या दारात काळोख. घरात कुणी राहतं असं इथून म्हणता आलं नसतं.

"असंच दिसतं?" तिने विचारलं.

"रोज," धाकटी म्हणाली, आणि डाव्या हाताने सांडत सांडत तिच्या कपात आणखी एक चमचा साखर घातली.